कोश्चुश्को आडनावाचा हाडांशी काही संबंध नाही

पोलंडमधल्या कुठल्याही शहराचा नकाशा उघडा, 'उलित्सा कोश्चुश्की' नावाचा रस्ता बहुधा सापडेलच. क्राकूव शहरात या नावाची माणसांनी रचलेली टेकडी आहे. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन आणि क्वीन्सला जोडणारा पूल याच नावाचा. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात या नावाची काउंटी आहे आणि तिचे मुख्य ठिकाण म्हणजे वॉर्सा नावाचे गाव. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरच्या सर्वांत उंच शिखरालाही (2228 मीटर) हेच नाव आहे. एवढ्या ठिकाणी भेटणारे आडनाव पोलंडमध्ये घरोघर असेल, असे कुणालाही वाटेल. पण ते तिथेही क्वचितच ऐकू येते. पोलंडमधले सर्वांत प्रचलित आडनाव नोवाक. ते लावणारे सुमारे 2 लाख लोक आहेत. कोश्चुश्को त्या यादीत फार फार खाली आहे.

हा सगळा नावलौकिक एका माणसाचा. तादेउश कोश्चुश्को (1746–1817) हा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तटबंद्या उभारणारा लष्करी अभियंता होता आणि 1794 मध्ये रशियाविरुद्ध झालेल्या पोलिश उठावाचा सेनापती होता. माणूस इतका मोठा की त्याच्या आडनावाभोवती दंतकथा जमल्या. त्यातल्या बहुतेक समजुती पोलिश आडनावांविषयी एरवीही ऐकू येतात. म्हणून हे एक आडनाव नीट उकलले, तर बाकीच्यांचाही उलगडा होतो.

गैरसमज: शब्दकोशात पाहिले की आडनावाचा अर्थ कळतो

पोलिश भाषेत हाडाला 'कोश्च' म्हणतात. त्यामुळे 'कोश्चुश्को' म्हणजे 'हाडकुळा' किंवा 'हाडवाले', असा अर्थ सहज लावला जातो. ऐकायला तो पटतोही, पण चुकीचा आहे.

हे आडनाव एका पाळण्यातल्या नावावरून आले. या घराण्याचा मूळ पुरुष कॉन्स्टान्टी फिओदोरोविच हा राजा पहिला झिगमुंट याच्या दरबारातला माणूस. 1509 मध्ये राजाने त्याला शेह्नोविचे हे गाव इनाम दिले. हे गाव आज बेलारूसच्या ब्रेस्त प्रांतात येते. त्या काळी तिथल्या सामान्य लोकांची भाषा पोलिश नव्हती, पूर्व स्लाव्हिक कुळातली रुथेनियन होती, आणि लिथुएनियाच्या महासंस्थानाचा कागदोपत्री व्यवहारही तिच्यातच चाले. त्या भाषेत कॉन्स्टान्टीचे लाडके रूप 'कोस्त्युश्को'. पुढच्या पिढ्यांनी तेच नाव घराण्याचे म्हणून लावले. काळाच्या ओघात हे जमीनदार पोलिश बोलू आणि लिहू लागले. पोलिश उच्चारात असा मृदू 'त्य' आला की त्याचा 'च' होतो आणि त्याच्या आधीचा 'स' ओढला जाऊन 'श' होतो. 'कोस्त्युश्को'चे 'कोश्चुश्को' झाले ते असे. हाडाशी साम्य दिसते ते या ध्वनिबदलामुळे. मूळ नावात हाडाचा मागमूस नाही. कॉन्स्टान्टी हे लॅटिन वळणाचे नाव आहे आणि त्याचा अर्थ 'स्थिर', 'अढळ'.

शब्दकोश नेहमीच फसवतो असे मात्र नाही. लेख वावेन्सा (आपल्या वर्तमानपत्रांचे लेक वालेसा) यांचे आडनाव ज्या क्रियापदावरून आले त्याचा अर्थ खरोखरच 'भटकणे' असा आहे. नोवाक म्हणजे 'नवा आलेला', तोही सरळ अर्थ. उलट खगोलशास्त्रज्ञ कोपेर्निकचे आडनाव पाहून पोलिश माणसाला 'कोपेर' म्हणजे शेपू आठवतो, पण घराणे ओळखले गेले ते सायलेशियातल्या कोपेर्निकी या गावावरून. थोडक्यात, आधी कागद पाहावा आणि मग कोश.

गैरसमज: '-स्की' असेल तरच खानदानी

चित्रपट आणि कादंबऱ्यांमुळे ही समजूत भारतातही पोचली आहे. तिच्यात अर्धे सत्य आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकात जमीनदार सरदार आपल्या गावाच्या नावाला '-स्की' जोडून ओळख सांगू लागले. आपल्याकडच्या '-कर'सारखीच ही रीत. मारी क्युरीचे माहेरचे नाव स्क्वोदोव्स्का, ते माझोव्शे भागातल्या स्क्वोदी या गावावरून आले, आणि ते घराणे खरेच सरदार वर्गातले, जरी परिस्थिती मास्तरकीवर येऊन ठेपली होती.

पण ही ऐट इतरांनाही हवीशी वाटली. शहरातले कारागीर, व्यापारी आणि पुढे शेतकरीही नावाला '-स्की' लावू लागले. 'कोवाल' म्हणजे लोहार, त्यापासून कोवाल्स्की, आणि ते आज पोलंडमधल्या सर्वांत प्रचलित आडनावांत मोडते. सरदार वर्ग लोकसंख्येच्या दहा टक्क्यांच्या आतबाहेर होता. '-स्की'वाले त्याहून कितीतरी अधिक आहेत, तेव्हा सगळे खानदानी असणे शक्यच नाही. शिवाय 1921 च्या राज्यघटनेने सरदारकीची कायदेशीर मान्यताच काढून घेतली.

कोश्चुश्को इथे उलट बाजूने उपयोगी पडतो. त्याच्या आडनावात '-स्की' नाही, तरी घराणे निर्विवाद सरदार वर्गातले आणि मानचिन्ह 'रोख तिसरे'. गंमत म्हणजे या घराण्याने शेह्नोविचे गावावरून 'शेह्नोवित्स्की' असे रीतसर '-स्की'चे आडनावही लावले होते. इतिहासात मात्र लाडके नावच टिकले.

मानचिन्हावरून वंशावळ जुळवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. पोलंडमध्ये एकच मानचिन्ह शेकडो असंबंधित घराणी वापरत. पश्चिम युरोपात चिन्ह घराण्याचे असते. पोलंडमध्ये ते बहुधा अनेक घराण्यांच्या गोताचे असे. त्यामुळे अंगठीवर चिन्ह सापडले म्हणून नाते सिद्ध होत नाही.

गैरसमज: हे आडनाव म्हणजे अस्सल पोलिश रक्त

तादेउश कोश्चुश्कोचा जन्म मेरेचोवश्चिज्ना या ठिकाणचा. ते आज बेलारूसमध्ये आहे आणि तिथे त्याचे घर 2004 मध्ये पुन्हा बांधून त्याचे संग्रहालय केले आहे. घराण्याचे मूळ नाव रुथेनियन, राज्य लिथुएनियाचे महासंस्थान, धर्म त्याच्या काळापर्यंत कॅथलिक आणि निष्ठा पोलंड-लिथुएनियाच्या संयुक्त प्रजासत्ताकाशी. आज पोलंड, बेलारूस आणि लिथुएनिया हे तिन्ही देश त्याला आपला म्हणतात. मला विचाराल तर तिघांचेही खरे आहे. अठराव्या शतकातल्या माणसाला एकविसाव्या शतकाच्या सीमारेषेत बसवण्याचा अट्टहास मात्र खोटा आहे.

पोलंडच्या जुन्या पूर्व भागात, ज्याला पोलिश लोक 'क्रेसी' म्हणतात, अशी आडनावे विपुल होती. शेवटी '-को', '-उक', '-चुक', '-विच' दिसले की बहुधा पूर्वेची हवा लागलेली असते. नोबेल मिळवणाऱ्या ओल्गा तोकार्चुक यांच्या आडनावातला 'तोकाश' म्हणजे कातारी, पण '-चुक' ही युक्रेनियन धाटणी. पोलंडचा राष्ट्रकवी आदाम मित्स्किएविच याच्या आडनावात दिमित्री या नावाचे बेलारूसी लाडके रूप दडले आहे.

गैरसमज: हे आडनाव लावणारा प्रत्येक जण सेनापतीचा वंशज

तादेउश कोश्चुश्को आयुष्यभर अविवाहित राहिला आणि स्वित्झर्लंडमधल्या सोलोथुर्न गावी 15 ऑक्टोबर 1817 रोजी वारला. त्याचे थेट वंशज नाहीत. आज हे आडनाव लावणारे फार तर त्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेतले असतील. तेवढेही असायलाच हवे असे नाही, कारण कॉन्स्टान्टी हे नाव त्या भागात सर्रास ठेवले जाई आणि कुठल्याही गावातल्या एखाद्या 'कोस्त्युश्को'ची मुले स्वतंत्रपणे हेच आडनाव लावू शकत. शेतकऱ्यांची आडनावे तर अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला सरकारी नोंदींच्या सक्तीने पक्की झाली. त्या वेळी पोलंडचे लचके प्रशिया, ऑस्ट्रिया आणि रशिया यांनी तोडले होते आणि लिहिणारा कारकून कोणत्या राज्याचा यावर आडनावाचे रूप ठरे.

गैरसमज: आडनाव किती लोकांचे आहे ते यादीत पाहून सांगता येते

पोलंडमध्ये नागरिकांची 'पेसेल' नावाची राष्ट्रीय नोंदवही आहे. तिच्यावरून आडनावांच्या याद्या सरकार दरवर्षी खुल्या करते. त्याआधी काझिमिएश रिमुत या भाषाभ्यासकाने 1992 ते 1994 दरम्यान 10 खंडांचा आडनावकोश काढला. कोणते आडनाव त्या वेळच्या 49 प्रांतांपैकी कुठे किती, हे त्यात दिले आहे. साधने उत्तम आहेत, पण ती कशी वाचायची हे माहीत नसले तर दुर्मीळ आडनावाचा हिशेब हमखास चुकतो.

पहिली अडचण व्याकरणाची. सरकारी याद्या स्त्रिया आणि पुरुष यांच्या वेगळ्या असतात. कोवाल्स्की या आडनावाची स्त्री कोवाल्स्का म्हणून नोंदली जाते, त्यामुळे एकच यादी पाहिली तर निम्मी माणसे निसटतात. कोश्चुश्को हे रूप दोघांनाही सारखेच, तरी बेरीज दोन याद्यांचीच करावी लागते. त्यात विभक्तीची भर. पुरुषाच्या आडनावाला षष्ठी लागली की 'कोश्चुश्को'चे 'कोश्चुश्की' होते. रस्त्यांच्या पाट्यांवर आणि पुतळ्यांखाली हेच रूप असते, आणि परदेशी प्रवासी त्याला वेगळे आडनाव समजतात. स्त्रीच्या बाबतीत मात्र ते बदलत नाही. पुण्याला, साताऱ्याहून म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे समजायला वेळ लागू नये.

दुसरी अडचण सीमेची, आणि ती मोठी. पोलंडची नोंदवही आजच्या पोलंडपुरती. घराण्याची मूळ भूमी 1945 नंतर सोव्हिएत संघात गेली आणि आता ती बेलारूसमध्ये आहे. तिथे राहिलेल्या लोकांचे आडनाव सिरिलिक लिपीत, बेलारूसी किंवा रशियन उच्चाराप्रमाणे लिहिले जाते. पोलिश यादीत ते येणारच नाहीत.

तिसरी अडचण नकाशांची. इंटरनेटवर आडनावांचे रंगीत नकाशे मिळतात. जिथे गडद रंग तिथे मूळ गाव, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. पण दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्वेकडच्या पोलिश लोकांना मोठ्या संख्येने व्रोत्सुआव्ह, श्चेचिन अशा पश्चिमेकडच्या, पूर्वी जर्मनीत असलेल्या भागात वसवण्यात आले. त्यामुळे क्रेसीतले आडनाव आज नकाशाच्या नेमक्या दुसऱ्या टोकाला गडद दिसू शकते. नकाशा आजचा पत्ता दाखवतो. मूळ शोधायचे तर चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या आणि जमिनीचे दस्त उघडावे लागतात.

गैरसमज: एलिस बेटावरच्या कारकुनांनी नावे मोडली

अमेरिकेत स्थायिक झालेल्या पोलिश कुटुंबांत ही कथा आवडीने सांगितली जाते. न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावर (1892 ते 1954) अधिकाऱ्याला नाव उच्चारता आले नाही आणि त्याने मनाला येईल ते लिहिले, अशी ती कथा. प्रत्यक्षात तिथले कारकून नव्याने नावे लिहीत नसत. युरोपातल्या बंदरात जहाज कंपनीने तयार केलेली प्रवाशांची यादी पुढे ठेवून ते फक्त पडताळणी करत. नावे बदलली ती नंतर, शाळेत, कारखान्यात किंवा नागरिकत्वाच्या अर्जात, आणि पुष्कळदा लोकांनी स्वतःच्या सोयीने बदलली.

कोश्चुश्को या नावाचे जे हाल झाले ते माणसांपेक्षा जागांच्या नावांत दिसतात. पावेल स्त्शेलेत्स्की या पोलिश प्रवाशाने 1840 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शिखराला हे नाव दिले, कारण त्याचा आकार पाहून त्याला क्राकूवची कोश्चुश्को टेकडी आठवली. पण इंग्रजी लेखनात त्यातले 'झेड' हे अक्षर गळाले आणि ते 1997 मध्ये न्यू साउथ वेल्सच्या भौगोलिक नामकरण मंडळाने अधिकृतपणे परत आणले. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातले कोश्चुश्को, म्हणजे ऑप्रा विन्फ्रीचे जन्मगाव, अजूनही त्या अक्षराविनाच लिहिले जाते. उच्चाराबद्दल न बोललेलेच बरे. ऑस्ट्रेलियन माणसाचे 'कॉझिऑस्को' ऐकून पोलिश माणूस दचकतो.

तसे पोलिश आडनावे अवघडच असतात, ही समजूतही बरीचशी एका चित्रपटाने पसरवली. 1970 च्या एका युद्धविषयक विनोदी चित्रपटात नायक जर्मन अधिकाऱ्याला छळण्यासाठी आपले नाव 'गझेगोश ब्झेन्चिश्चिकिएविच' असे सांगतो. ते नाव मुद्दाम रचलेले आहे, नमुना म्हणून घेण्यासारखे नाही.

महाराष्ट्राचा या सगळ्याशी एक खरा धागा आहे. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथे सुमारे 5 हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक जण क्रेसी भागातून सोव्हिएत सत्तेने हद्दपार केलेले, सैबेरिया, मध्य आशिया आणि इराणमार्गे आलेले. म्हणजे कोश्चुश्को घराणे ज्या मुलखातले, त्याच पट्ट्यातले. कोल्हापूर परिसरात कुणाच्या घरी त्या काळची पत्रे, दुकानाच्या वह्या, शाळेची चिठोरी किंवा छायाचित्रांमागचे शेरे असतील, तर त्यावरची आडनावे 'दुरुस्त' करू नका. जशी लिहिली आहेत तशीच, खाणाखुणांसकट उतरवून घ्या आणि मूळ कागदाचा फोटो काढून ठेवा. आडनावाचा शोध घेणाऱ्याला शुद्ध केलेल्या नावापेक्षा त्या वेळच्या चुकीच्या स्पेलिंगचा उपयोग अधिक होतो.