जुना संगणक आणि नवा पडदा

प्रयोगशाळेच्या कपाटात कित्येक वर्षे धूळ खात पडलेले एक फिकट बदामी यंत्र तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तो ‘बीबीसी मायक्रो’ नावाचा संगणक होय. इंग्लंडातील केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने तो १९८१ साली बाजारात आणला. पुढे १९८४-८५ साली भारत सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणकशिक्षणाचा उपक्रम आरंभिला, तेव्हा निवडलेल्या शाळांना हीच यंत्रे देण्यात आली. त्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइट! तुमच्या घरच्या मोबाइलने काढलेले एक छायाचित्रही तीत मावणार नाही.

गतवर्षी डेडस्टॉक रजिस्टरची तपासणी झाली, तेव्हा हे यंत्र भंगारात काढावे असा विचार निघाला. कारण एवढेच, की त्याचा जुना काचेचा पडदा निकामी झाला होता. यंत्र स्वतः बिघडले आहे की नाही, हे कोणी पाहिलेच नव्हते. आम्ही मुख्याध्यापकांकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. आम्ही कला शाखेचे पदवीधर. विजेच्या विद्येत आमची गती बेताचीच. तथापि विचारून विचारून जे शिकलो, ते येथे सांगत आहोत.

प्रथम एक सावधगिरी. फार दिवस बंद असलेले असे यंत्र एकदम चालू करू नये. त्याच्या वीजपुरवठ्याच्या पेटीतील काही कपॅसिटरांचे कवच वयोमानाने तडकते, आत दमट हवा शिरते आणि वीज मिळताच त्यांतून धूर निघतो. आमच्या कोकणपट्टीच्या हवेत तर हे भय अधिकच. सबब जाणत्या कारागिराकडून ते भाग आधी बदलून घेतले.

मग आम्ही यंत्राच्या पाठीमागील रंगांच्या खोबणीतून एक तार काढून ती सरळ संगणकाच्या सपाट मॉनिटरला जोडली. पडद्यावर चित्र न येता ‘हा संकेत चालत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर झळकला. आमची फजिती झाली. पण त्या फजितीतच सारे मर्म होते.

जुन्या दूरदर्शनसंचात चित्र एका वेळी एक ओळ असे रेखाटले जाई. एका पूर्ण चित्राच्या ओळी ६२५ आणि सेकंदाला चित्रे २५. गुणाकार करून पाहा: सेकंदाला १५,६२५ ओळी. बीबीसी मायक्रो याच वेगाने बोलतो. संगणकासाठी बनविलेला सपाट मॉनिटर मात्र सामान्यतः सेकंदाला सुमारे ३१,५०० ओळींच्या खालचा वेग जाणतच नाही. म्हणजे एकाचे बोलणे दुसऱ्याच्या निम्म्या गतीचे.

दुसरा भेद विजेच्या दाबाचा. या यंत्रात तांबडा, हिरवा व निळा यांपैकी प्रत्येक रंग एकतर असतो किंवा नसतो. म्हणून २ × २ × २ म्हणजे आठच रंग मिळतात. रंग ‘आहे’ हे सांगण्यासाठी यंत्र ५ व्होल्टपर्यंतचा संकेत देते. मॉनिटरच्या रंगवाहिनीला मात्र ०.७ व्होल्टच पुरेसे असतात. आमच्या पहिल्या जोडणीने मॉनिटर बिघडला नाही, हे आमचे दैव. तुम्ही तसे करू नका.

यावर उपाय दोन. दूरदर्शनसंचाला पिवळी व्हिडिओ खोबण असल्यास यंत्राची ‘व्हिडिओ’ खोबण तिला जोडावी. हा उपाय स्वस्त आहे. परंतु चित्र बहुधा काळेपांढरे येते आणि बारीक अक्षरे पुसट दिसतात. दुसरा उपाय म्हणजे मध्ये एक दुभाष्या बसविणे. ‘आरजीबी टु एचडीएमआय’ नावाचे एक छोटे उपकरण मुळात याच संगणकासाठी हौशी मंडळींनी रचले आणि त्याचा आराखडा सर्वांना खुला ठेवला. त्यात रास्पबेरी पाय झीरो हा छोटा संगणक असतो. यंत्राने पाठविलेला एकेक ठिपका तो टिपतो आणि नव्या पडद्याला कळेल अशा रूपात पुढे धाडतो.

मुदतीच्या तेराव्या दिवशी आम्ही हा दुभाष्या जोडून कळ दाबली. यंत्राने आधी खालच्या व मग वरच्या सुरात ओळखीची साद घातली आणि सपाट पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’ ही पांढरी अक्षरे उमटली. मग कपाटातीलच एक जुनी कॅसेट लावली. तीत कोणा माजी विद्यार्थ्याने रचलेली पाढ्यांची परीक्षा निघाली. सात आठे छप्पन्न असे उत्तर देताच पडद्यावर रोमन अक्षरांत ‘शाबास’ आले! तो विद्यार्थी आज कोठे असेल, कोण जाणे. त्याची शाबासकी मात्र आमच्या आठवीच्या मुलांना पोचली.

आमच्या घरी कोकणी, वर्गात मराठी. बोलणे कळले नाही म्हणून समोरचा मुका ठरत नाही, हे आम्हांस वेगळे शिकावयास नको होते. तरी एका यंत्राने ते पुन्हा शिकविले. रजिस्टरात त्या यंत्रापुढे आता ‘चालू स्थितीत’ असा शेरा आहे. दर शनिवारी मधल्या सुटीत ते चालू असते. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी जरूर यावे.