बाटली कुठवर पोचते?

टोरांटो शहराच्या उत्तर भागात डाउन्सव्यू नावाचा जुना लष्करी हवाई तळ आहे. ३० जुलै २००३ च्या बुधवारी तिथल्या मोकळ्या मैदानावर सुमारे साडेचार लाख माणसं जमली होती. तिकीट होतं साडेएकवीस कॅनेडियन डॉलर. त्या वर्षी सार्सच्या साथीने टोरांटोची पार दैना केली होती. कॅनडात ४४ जण दगावले होते. एप्रिलमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गरज नसेल तर या शहरात जाऊ नका असा इशारा दिला होता. तो आठवड्याभरात मागे घेतला, तरी हॉटेलं ओस पडायची ती पडलीच. शहर ठणठणीत आहे हे जगाला दाखवायचं म्हणून रोलिंग स्टोन्सना बोलावणं गेलं. सार्सचा फटका स्टोन्सनाही बसला होता. त्याच दौऱ्यात एप्रिलमध्ये ते मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले होते, पण हाँगकाँग आणि चीनमधले ठरलेले कार्यक्रम साथीमुळे होऊ शकले नव्हते.

डाउन्सव्यूच्या स्टेजवर त्या दिवशी द गेस हू, रश, एसी/डीसी आणि शेवटी स्टोन्स अशी रॉकवाल्यांनी नवस बोलावा अशी यादी होती. त्यांच्या आधी मात्र एक २२ वर्षांचा पोरगा उभा राहिला, जस्टिन टिंबरलेक. लहानपणी टीव्हीवरच्या 'मिकी माउस क्लब'मध्ये नाचलेला, मग 'एनसिंक' या बॉय बँडमुळे शाळकरी मुलींचा लाडका झालेला. त्याचा एकट्याचा पहिला अल्बम, 'जस्टिफाइड', येऊन वर्षही झालं नव्हतं. तो गायला लागला आणि समोरून पाण्याच्या बाटल्या यायला लागल्या. मागोमाग मफिन आणि हाताला लागेल ते. हुर्यो तर चालूच होती. रात्री स्टोन्सनी त्याला 'मिस यू' गायला पुन्हा बोलावलं, तेव्हाही काहींचे हात शिवशिवलेच. तेव्हा साठीला टेकलेला स्टोन्सचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स स्टेजच्या कडेला गेला आणि हातवारे करून त्याने त्या मंडळींना दटावलं.

हा किस्सा पुढे एका वाक्यात सांगितला जाऊ लागला: रॉकवेड्या लाखोंच्या गर्दीने एका पॉप गायकाला झोडपलं. या वाक्यातल्या 'लाखोंच्या' या शब्दावर थोडी आकडेमोड केली, तर चक्रावून जायला होतं.

सुरुवात बाटलीपासून करू. अर्ध्या लिटरची भरलेली बाटली साधारण अर्धा किलोची. धडधाकट माणूस ती सेकंदाला १५ मीटर वेगाने फेकू शकेल, खांदा फारच मजबूत असेल तर २० मीटरने. हवेचा विरोध बाजूला ठेवून शाळेतलं सूत्र लावलं तर पहिल्याची बाटली २३ मीटरवर पडते आणि दुसऱ्याची ४० मीटरवर. ती लागली तर चेष्टा नव्हे. फिरकी गोलंदाजाने ताशी ९५ किलोमीटर वेगाने टाकलेल्या चेंडूत जेवढी ऊर्जा असते, जवळजवळ तेवढी त्या पहिल्या बाटलीतही असते. फक्त समोरच्याकडे बॅट नसते, माइक असतो.

आता गायकाला केंद्र मानून त्याच्यापुढे ४० मीटरचं अर्धवर्तुळ काढू. क्षेत्रफळ भरतं अडीच हजार चौरस मीटर. खांद्याला खांदा भिडलेल्या गर्दीत एका चौरस मीटरमध्ये चार माणसं धरली तर त्या अर्धवर्तुळात मावतात दहा हजार. साडेचार लाखांतले दहा हजार म्हणजे शंभरातले जेमतेम दोन. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांच्या मनात कितीही राग असता, तरी त्यांची बाटली पुढच्या कुणाच्या तरी टाळक्यात पडली असती. टिंबरलेकला बाटल्या मारणं त्या मैदानावरच्या बहुतेकांना शक्यच नव्हतं! आणि ज्यांना शक्य होतं, त्यांच्यातलेही बरेचसे नुसतेच उभे असणार. दहा हजार जणांनी खरोखर बाटल्या फेकल्या असत्या तर स्टेजवर पाऊलही ठेवता आलं नसतं.

मग त्या दोन टक्क्यांत कोण होतं? खरी मेख इथे आहे. खुल्या मैदानावर जागा ठरवून दिलेली नसते. जो आधी येईल तो पुढे उभा राहील, आणि एकदा पुढे पोचलेला माणूस पाण्यालाही हलत नाही. हे सगळं करायची तयारी कुणाची असते? रात्री शेवटी येणाऱ्या बँडवर ज्याचा जीव आहे त्याची. म्हणजे दुपारच्या गायकासमोर सगळ्यांत जवळ जी माणसं उभी असतात, ती त्याच्यासाठी आलेलीच नसतात. ती जुलैच्या उन्हात तापलेली, कंटाळलेली, आणि मधला प्रत्येक कलाकार त्यांच्यासाठी आणखी एक अडथळा असतो. त्याची गाणी आवडणारी माणसं मैदानात असली, तरी मागे कुठेतरी विखुरलेली असतात. रॉकवेड्यांना वेचून पुढे आणायचं काम कुणी केलेलं नसतं; ते रांग आपोआप करते.

आवाजाचाही असाच चकवा आहे. माणसं दहापट झाली तर गोंगाट दहा डेसिबलने वाढतो, आणि आपल्या कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे पाच हजारांऐवजी पाच लाख लोक ओरडले, तरी कानाला तो गोंगाट शंभरपट वाटत नाही, फार तर चौपट वाटतो. तोही सगळे सारख्याच अंतरावर असतील तर. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. स्टेजपासून दहा मीटरवरच्या माणसाची शिटी आणि चारशे मीटरवरच्या माणसाची शिटी यांत बत्तीस डेसिबलचा फरक पडतो. मागची शिटी पुढच्या कल्लोळात विरघळून जाते. स्टेजवरच्या माणसाच्या कानापर्यंत जी 'जनता' पोचते, ती पहिल्या काही रांगांची असते.

मैदानाच्या मागच्या टोकाला तर कार्यक्रमच वेगळा चाललेला असतो. सरासरी चौरस मीटरला दोन माणसं धरली, तर साडेचार लाखांना सव्वादोन लाख चौरस मीटर जागा लागते, म्हणजे अंदाजे पावणेपाचशे मीटर बाजूचा चौरस. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. स्टेजवर ड्रमचा ठोका पडल्यावर तो शेवटच्या माणसाच्या कानाशी पोचायला जवळजवळ दीड सेकंद लागतो. म्हणून अशा मैदानांवर मधूनमधून स्पीकरचे मनोरे उभारतात आणि त्यांतून आवाज मुद्दाम उशिरा सोडतात, स्टेजवरून निघालेली लाट त्या मनोऱ्याशी येते तेव्हा दोन्ही एकत्र व्हावेत एवढ्या हिशोबाने. मागच्याला मनोऱ्यातून गाणं ऐकू येतं आणि पडद्यावर गायक दिसतो. पुढची हुर्यो मात्र त्याच्यापर्यंत धड पोचतही नाही.

आता प्रश्न उरतो पुढच्यांचा. आजूबाजूचा एकही चेहरा ओळखीचा नसताना माणसं एका सुरात 'बू' कशी करायला लागतात? अमेरिकी समाजशास्त्रज्ञ स्टीव्हन क्लेमन यांनी राजकीय भाषणं आणि वादविवादांची ध्वनिमुद्रणं बारकाईने ऐकली आणि १९९३ मध्ये एक सुरेख निरीक्षण मांडलं. टाळी वक्त्याचं वाक्य संपता संपता पडते, जो तो आपापलं ठरवून वाजवतो. 'बू' मात्र रेंगाळत येतं. त्याआधी कुजबुज होते, चुळबुळ होते, एखादा शेरा ऐकू येतो. नापसंती दाखवण्याआधी माणूस शेजाऱ्याचा अदमास घेतो. एकटं पडायची भीती त्याला असते. एकदा अंदाज आला की मात्र 'बू' भराभर पसरतं. शिवाय टाळ्यांना ताल लागतो, 'बू' हा लांबवत नेता येणारा एकच स्वर आहे. त्यात कुणी कधीही शिरावं, चुकण्याची सोयच नाही.

टाळ्यांबद्दल २०१३ मध्ये रिचर्ड मान आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांवर केलेला अभ्यासही असाच थक्क करणारा आहे. टाळ्या साथीच्या रोगासारख्या पसरतात असं त्यांना दिसलं. खोलीत जितके लोक टाळ्या वाजवत असतील, तितकी आपण वाजवायला लागण्याची शक्यता जास्त. शेजारचा वाजवतो की नाही याला फारसं महत्त्व नाही. थांबणंही तसंच संसर्गाने होतं. त्यामुळे सारख्याच दर्जाच्या भाषणाला कधी लांबलचक टाळ्या मिळतात, कधी तुटपुंज्या. दाद किती वेळ टिकली यावरून भाषण किती चांगलं झालं हे सांगता येत नाही! नाटकाच्या पडद्यामागे कान लावून बसणाऱ्या नटांनी हे मनावर घ्यायला हरकत नाही.

पण पसरतं कसं हे कळलं, तरी काय पसरावं हे कोण ठरवतं? फ्रान्सच्या गुस्ताव ल बाँ यांनी १८९५ मध्ये मांडलेलं मत अजूनही लोकांच्या तोंडी आहे: गर्दीत माणूस स्वतःची बुद्धी हरवून बसतो. पण इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स वस्तीत १९८० मध्ये दंगल झाली. स्टीफन रायकर या मानसशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना वेगळंच चित्र दिसलं. पोलिसांवर दगड पडत होते, बँक जळाली, पण वस्तीतल्या लोकांच्या घरांना धक्का लागत नव्हता. त्या जमावाला 'आपण कोण' आणि 'परके कोण' याचं पक्कं भान होतं, आणि त्याच्या वागण्याला मर्यादाही त्या भानातूनच पडत होत्या.

डाउन्सव्यूच्या पहिल्या रांगांनाही हेच लागू पडतं. त्या माणसांची बुद्धी हरवली असती तर त्यांनी एसी/डीसीवरही बाटल्या फेकल्या असत्या. तसं झालं नाही. रॉकवाल्याची स्वतःविषयी एक कल्पना असते: आमचे लोक गाणी स्वतः लिहितात, गिटार स्वतः वाजवतात, कळकट क्लबांत वर्षानुवर्षं घासून वर आलेले असतात. टीव्हीवरून आलेला, नाचता नाचता गाणारा, मुलींना आवडणारा पोरगा या चौकटीत बसत नाही. त्याच्यावर मफिन फेकणं म्हणजे बाजूच्या अनोळखी माणसाला 'मी आपल्यातलाच' असं सांगण्याची एक स्वस्त पद्धत होती.

स्टोन्सच्या चाहत्यांनी हे आधीही केलं होतं. ९ ऑक्टोबर १९८१ ला लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये स्टोन्सचा गायक मिक जॅगर याच्या पसंतीने एका नवख्या गायकाला स्टोन्सच्या आधी गायला मिळालं. अंगावर लांब कोट, आत काळी चड्डी, गळ्यात उंच कापरा स्वर. काही गाण्यांतच त्याच्यावर इतक्या वस्तू आल्या की तो स्टेज सोडून थेट मिनियापोलिसला घरी निघून गेला. समजूत घातल्यावर दोन दिवसांनी परत आला, आणि पुन्हा तेच झालं. त्याचं नाव प्रिन्स. तीन वर्षांत त्याचा 'पर्पल रेन' आला आणि अमेरिकेत सलग २४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला.

आणि ज्या 'मिस यू'ला टोरांटोत टिंबरलेक परत आला, ते गाणं कोणतं? १९७८ मधलं, स्टोन्सनी डिस्कोच्या ठेक्यावर बांधलेलं. तेच डिस्को, ज्याच्याविरुद्ध १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये रॉकप्रेमींनी मोहीम काढली होती. स्टीव्ह डाल या रेडिओवाल्याने घोषणा केली होती: डिस्कोची एक रेकॉर्ड घेऊन या आणि ९८ सेंटांत बेसबॉलचे दोन सामने बघा. दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत त्या रेकॉर्ड्सचा ढीग स्फोटाने उडवला, हजारो लोक मैदानात घुसले, आणि यजमान संघाला दुसरा सामना सोडून द्यावा लागला.

त्या संध्याकाळी मैदानावर प्रेक्षकांना जागा दाखवण्याचं काम व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय पोरगा करत होता. लोक आणत असलेल्या रेकॉर्ड्समध्ये डिस्कोशी काडीचा संबंध नसलेल्या, नुसत्या कृष्णवर्णीय गायकांच्या रेकॉर्ड्सही त्याला दिसल्या. त्या नोकरीच्या पैशांतून त्याला एक सिंथेसायझर घ्यायचा होता. १९८४ मध्ये जेसी सॉन्डर्सबरोबर त्याने 'ऑन अँड ऑन' हे गाणं केलं. डिस्कोतूनच उगवलेल्या हाउस संगीताची पहिली रेकॉर्ड म्हणून आज बहुतेक जण तिच्याकडेच बोट दाखवतात, आणि ते संगीत शिकागोतूनच जगभरच्या नाचघरांत गेलं.