सेवकांच्या प्रकृतीची तजवीज

रुग्णालयाची गोष्ट निघाली की ती डॉक्टर आणि परिचारिका यांच्यापाशी येऊन थांबते. परंतु लकव्याने आखडलेला हात रोज धीराने हलवून घेणारे फिजिओथेरपिस्ट, क्ष-किरण यंत्रापाशी वावरणारे तंत्रज्ञ, रक्ताचे नमुने तपासणारे प्रयोगशाळेतील कर्मचारी, अशा ज्या मंडळींसाठी २०२१ साली केंद्रीय कायद्याने स्वतंत्र आयोगाची तरतूद केली, त्यांच्या स्वतःच्या प्रकृतीची कैफियत कोणी ऐकून घेत असल्याचे क्वचितच दिसते.

अहिल्यानगर जिल्ह्यास हा प्रश्न परका नाही. प्रवरा परिसरातील लोणीत आणि नगरनजीकच्या विळद घाटात फिजिओथेरपीचे शिक्षण देणारी महाविद्यालये आहेत. रुग्णाला उचलताना, कुशीवर वळवताना आणि तासन्‌तास वाकून राहताना उपचार करणाराच कंबरदुखीचा धनी होतो. क्ष-किरण तंत्रज्ञाच्या छातीवर किरणोत्सर्गाची मात्रा नोंदवणारा बिल्ला असतो. दिवसभर पाहिलेल्या वेदनांचा संचय नोंदवणारा बिल्ला मात्र अद्याप निघालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या व्यावसायिक शिणवट्याची दखल घेतली, तेव्हा त्यास व्याधी न म्हणता कामाच्या ठिकाणी न आवरलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हटले. म्हणजे ‘योगासने करा, मन प्रसन्न ठेवा’ असा उपदेश सेवकाला करून संस्थेने मोकळे होणे हा, आमच्या मते, जबाबदारी टाळण्याचा सभ्य प्रकार होय.

याच जिल्ह्यात, जामखेडसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प आरंभिला. पाठवलेल्या शिक्षित परिचारिका खेड्यांत रुळेनात, तेव्हा गावकऱ्यांनीच निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर, कित्येक तर दलित वस्तीतल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. कायद्याच्या आजच्या व्याख्येत त्या बसणार नाहीत, हे खरे. तथापि या बाया दर आठवड्याला ठरल्याप्रमाणे जामखेडला येत, मुक्काम करीत, एका पंगतीस बसत, आणि बाळंतपण, हगवण, क्षय यांच्या शिकवणीबरोबरच घरचा जाच, गावची अडवणूक, स्वतःच्या मनातली भीती हेही एकमेकींपुढे मोकळे करीत. पुढच्या आठवड्याचे काम करण्याचे बळ घेऊनच त्या गावी परतत. आरोळे दांपत्यास १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्याचा गवगवा पुष्कळ झाला. पण सेविकेची उमेद हाच शिक्षणाचा पाया धरणारी ही साप्ताहिक बैठक त्या मानाने दुर्लक्षितच राहिली.

आता नव्या आयोगाकडून अभ्यासक्रमांची फेरआखणी होत असताना महाविद्यालयांना जामखेडच्या या बैठकीचा कित्ता गिरवण्यास फारसा खर्च येणार नाही. आठवड्याचा एक तास वेळापत्रकात हवा, हजेरी घेऊन पण परीक्षेविना. इंटर्नशिपच्या वर्षात तर तो विशेष हवा, कारण रुग्णाचा पहिला मृत्यू बहुधा तेव्हाच पाहावा लागतो. विभागप्रमुखांनी मात्र त्या तासास बाहेर बसावे. ज्यांच्या हाती गुण असतात, त्यांच्यासमोर थकवा कबूल करण्याचे धाडस विद्यार्थी सहसा करीत नाही.