हिमालयांतील एक वर्ष आणि ओली कांच

डोंगरावर जाऊन छायाचित्र काढणें आज फार सोपें झालें आहे. खिशांतून यंत्र काढावें, बोट टेकवावें आणि पुढें चालूं लागावें. परंतु सॅम्युएल बोर्न या इंग्रज छायाचित्रकारानें १८६४ सालीं हिमालयांत जी भटकंती केली, तिची हकीकत ऐकली म्हणजे त्या काळीं एकेका चित्राला काय मोल पडत असे, हें ध्यानांत येईल.

बोर्न हा मूळचा नॉटिंगहॅम शहरांतील एका बँकेचा कारकून. छायाचित्रणाच्या छंदापायीं नोकरी सोडून तो १८६३ सालीं हिंदुस्थानांत आला. त्याच वर्षीं त्यानें सिमल्याहून दहा आठवड्यांची पहिली सफर केली. तेव्हां त्याच्याबरोबर सुमारें तीस मजूर होते. पुढील सालीं वसंतांत लाहोरहून निघून तो कांगडा, धरमशाळा, चंबा या मार्गानें चिनाबच्या खोऱ्यांतून काश्मीरांत पोंचला. ही यात्रा सुमारें नऊ महिने चालली.

इतके मजूर कशासाठीं, असा प्रश्न आपण कराल. त्याचें उत्तर त्या काळच्या कृतींत आहे. तेव्हां तयार फिल्म नव्हती. चित्र कांचेवर उमटत असे, आणि बोर्नची कांच बारा इंच लांब व दहा इंच रुंद असे. जागा निवडली कीं प्रथम काळोखी तंबू उभारावयाचा. त्यांत कांचेवर कॉलोडियन नांवाचा चिकट द्रव सारखा पसरावयाचा, मग ती रौप्य क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची. ती ओली आहे तोंवरच कॅमेऱ्यांत बसवून प्रकाश द्यावयाचा आणि लागलीच तंबूंत आणून चित्र प्रकट करावयाचें. कांच वाळली कीं सर्व श्रम फुकट! म्हणून प्रयोगशाळा घरीं ठेवतां येत नसे. कांचा, औषधें, तंबू, सारें माणसांच्या पाठीवर डोंगर चढे.

या कृतीची खूण चित्रांतहि दिसते. कांच निळ्या रंगाला अतिशय संवेदनशील असल्यामुळें आकाश बहुधा कोरें, पांढरें उमटे. प्रकाश कांहीं सेकंद द्यावा लागे. त्यामुळें धांवतें पाणी धुक्यासारखें दिसे, आणि मनुष्य हलला तर पुसट होई. चित्र मोठें करण्याची सोयहि सुलभ नव्हती. जेवढी कांच तेवढीच कागदावरची प्रत. साहजिकच बोर्न आधीं पुष्कळ वेळ पाही, आणि मगच पेट्या उघडवी.

१८६६ सालीं तो मणिरंग खिंडींत चढला. तिची उंची तेव्हां १८,६०० फूट मानीत. तेथें त्यानें चित्रें घेतलीं, आणि इतक्या उंचीवर छायाचित्र काढण्याचा त्याचा विक्रम पुढें वीस वर्षें अबाधित राहिला. त्याचें कौशल्य व चिकाटी यांविषयीं शंका नाहीं.

पण या कथेला दुसरी बाजूहि आहे. बोर्ननें आपल्या सफरींचे वृत्तांत इंग्लंडांतील छायाचित्रणविषयक नियतकालिकांत लिहिले. त्यांत वाटेंत सोडून जाणाऱ्या मजुरांविषयींचा त्याचा संताप आहे, आणि त्यांच्यावर काठी चालविल्याची कबुलीहि आहे. बर्फांत ओझें टाकून पळणारा मनुष्य आळशी होता, कीं जिवाला भ्यालेला, हा प्रश्न मात्र त्यानें फारसा विचारलेला दिसत नाहीं.

बोर्न १८७० च्या सुमारास मायदेशीं परतला. त्याच्या नांवाची कलकत्त्यांतील पेढी २०१६ पर्यंत चालू होती. त्याचीं हिमशिखरें आजहि संग्रहालयांत पाहावयास मिळतात. तीं पाहतांना, श्रोतेहो, त्या कोऱ्या आकाशाखालीं क्षणभर थांबावें. कांच ओली ठेवण्याचें कसब बोर्नचें. पण ती कांच न फोडतां त्या शिखरासमोर आणून ठेवणारे पाय दुसऱ्यांचे होते. चित्राखालीं त्यांचें नांव नाहीं. तें आपण निदान मनांत तरी लिहावें.