शब्दकोडं सोडवलं आणि कळलं, कोडं रचणाऱ्यालाच कॅन्सर झालाय

११ जानेवारी २०१३. ब्रिटनच्या 'द गार्डियन' या पेपरच्या वाचकांनी नेहमीसारखं शब्दकोडं सोडवायला घेतलं. कोड्यासोबत एक सूचना छापली होती. तिचा अर्थ साधारण असा : अरॉकेरिया यांना '१९' चा '१८ उभा' झाला आहे, त्यावर '१३ १५' हे उपचार सुरू आहेत.

अरॉकेरिया हे कोडं रचणाऱ्याचं टोपणनाव. त्यांना नेमकं काय झालंय हे जाणून घ्यायचं, तर कोडं सोडवणं आलंच.

हे कोडं होतं क्रिप्टिक, आणि तेही थीम असलेलं. हा प्रकार काय असतो, ते आधी बघूया.

क्रिप्टिक म्हणजे वाक्य एक, अर्थ दुसराच

आपल्याकडच्या रोजच्या शब्दकोड्यात प्रश्न सरळ असतो. 'राजाची बायको' म्हटलं की लिहा राणी. क्रिप्टिकमध्ये मात्र वाक्य तुम्हाला चकवतं. त्यात दोन भाग असतात. एक भाग उत्तराचा सरळ अर्थ सांगतो आणि तो वाक्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी असतो. उरलेला भाग म्हणजे शब्दांचा खेळ. दोन्ही वाटांनी उत्तर एकच यायला हवं.

मराठीत करून बघूया. कंसात उत्तराची अक्षरसंख्या आहे.

'नवरा जाणार, आत लपलाय सत्ताधीश (२)'. नवऱ्याचा विचार सोडा, अक्षरं बघा. नव-राजा-णार. उत्तर : राजा.

'गोंधळलेली कमल कायद्यात सापडते (३)'. 'कमल'ची अक्षरं उलटसुलट केली की मिळतं कलम.

'धान्याची असते, कुंडलीतही असते (२)'. इथे एकाच शब्दाचे दोन अर्थ दिलेत. उत्तर : रास.

थीम आली की काय बदलतं?

आता समजा, 'रास' हे उत्तर '३ उभा' या जागेवर आहे. पुढे एक प्रश्न येतो, 'तिरकं चालणारी ३ उभा (२)'. तिरका चालतो खेकडा, आणि खेकड्याची रास कर्क. म्हणजे पहिलं उत्तर सापडल्याशिवाय दुसरं सुटणारच नाही.

कधी कधी तर प्रश्न फक्त एवढाच असतो : '३ उभा (३)'. तीन अक्षरी राशी चार आहेत. वृषभ, मिथुन, वृश्चिक आणि मकर. पण आडव्या शब्दातून मधलं अक्षर 'क' आलं असेल, तर मकर सोडून दुसरं काही बसत नाही. एक धागा हाती लागला की बाकीची उत्तरं त्याच्यामागे येतात. थीम कोडं अवघड करते आणि तीच ते सोडवूनही देते.

मग त्या कोड्यात काय होतं?

'१८ उभा'चं उत्तर होतं कॅन्सर. इंग्रजीत कर्क राशीला आणि या आजाराला एकच शब्द आहे. मराठीतही रास कर्क आणि आजार कर्करोग, कारण दोन्हींच्या मुळाशी खेकडाच आहे. '१९' चं उत्तर होतं अन्ननलिका. आणि '१३ १५' म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, आजार बरा करण्यापेक्षा रुग्णाचा त्रास कमी करण्यावर भर देणारे उपचार. बाकीच्या उत्तरांमध्ये एंडोस्कोपी, स्टेंट, नर्स आणि सूर्यास्त असे शब्द होते.

हीच बातमी चार ओळींच्या निवेदनात छापता आली असती. पण इथे 'कॅन्सर' हा शब्द छापलेलाच नव्हता. तो वाचकानं स्वतः शोधला आणि स्वतःच्या हातानं चौकटीत लिहिला.

अरॉकेरिया म्हणजे जॉन ग्रॅहम. ते चर्च ऑफ इंग्लंडचे धर्मगुरू होते आणि १९५८ पासून गार्डियनसाठी कोडी रचत होते. अरॉकेरिया हे 'मंकी पझल' या झाडाचं शास्त्रीय नाव. याच झाडाला 'चिली पाइन' असंही म्हणतात. 'फायनान्शियल टाइम्स'साठी त्यांनी याच इंग्रजी अक्षरांची अदलाबदल करून 'सिनेफाइल' असं नाव घेतलं होतं. टोपणनावातही कोडं!

हे कोडं छापून आलं तेव्हा ते ९१ वर्षांचे होते. त्यानंतरही त्यांनी कोडी रचणं थांबवलं नाही. २६ नोव्हेंबर २०१३ ला वयाच्या ९२व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

तुम्हाला थीम पकडायची असेल तर...

१. ज्या प्रश्नात दुसऱ्या प्रश्नाचा नंबर आहे, तो आधी बाजूला ठेवा. बिननंबरी प्रश्नांपासून सुरुवात करा.

२. कुठला नंबर पुन्हा पुन्हा येतोय ते बघा. थीमचं दार तिथेच असतं. त्याला छेदणारे शब्द आधी सोडवा.

३. थीम कळली की त्या विषयातले शब्द कागदावर लिहा आणि अक्षरं मोजून बसवत चला.

४. काही कोड्यांत थीमचा उल्लेखच नसतो. तिला म्हणतात 'घोस्ट थीम'. सगळं कोडं सुटलं तरी ती कळेलच असं नाही. कधी चौकटीच्या कडेच्या अक्षरांमध्ये निरोप दडलेला असतो, त्याला 'निना' म्हणतात. अमेरिकन व्यंगचित्रकार अल हर्शफेल्ड आपल्या चित्रांमध्ये निना हे मुलीचं नाव लपवायचे, त्यावरून हा शब्द आला.

त्यामुळे शेवटची चौकट भरली की पेन लगेच खाली ठेवू नका. सगळी उत्तरं एकदा सलग वाचा. रचणाऱ्याला आणखी काही सांगायचं असेल, तर ते तिथेच सापडेल.