पलंगाचा झाला बाक

रमजानचा चांद दिसायच्या आधी, शाबान महिन्याच्या शेवटच्या पंधरवड्यात, श्रीरामपुरातल्या मुस्लिम घरांचे माळे रिकामे होतात. मोठाली पातेली, सरबताचे जग, मागच्या वर्षी घडी करून ठेवलेलं दस्तरखान खाली उतरतं. त्यांच्याबरोबर वर्षभर नजरेआड टाकलेला एक प्रश्नही उतरतो. या जुन्या लाकडाचं करायचं काय?

वॉर्ड नंबर दोनमधल्या एका घरात 2025 च्या फेब्रुवारीत हा प्रश्न चांगला साडेतीन फूट रुंद होता. दादीच्या लग्नात आलेला नवारीचा पलंग. कातीव पाय, डोक्याकडे उंच नक्षीची फळी, आणि सगळ्यावर हिरव्या ऑइल पेंटचे इतके थर, की नक्षीतली वेल आता नुसती सूज आल्यासारखी दिसायची. घरात लोखंडी कॉट आल्यापासून तो जिन्याखाली उभा करून ठेवला होता. भंगारवाल्याने येऊन पाहिला आणि मान हलवली. त्याला लोखंड हवं होतं, लाकडाला वजन लागत नाही म्हणाला.

मग गल्लीतली पोरं आली. त्या वर्षी पहिला रोजा 2 मार्चला आणि होळी 13 मार्चला. हातगाडी घेऊन पोरं दारोदार लाकडं मागत होती. दादी त्यांना दरवर्षी काही ना काही द्यायची, फुटकं खोकं, नाहीतर मोडक्या दाराची फळी. पोरांची नजर जिन्याखाली गेली. "आजी, हा दिला तर आपली होळी सगळ्यात उंच!" दादी काही बोलली नाही. मुलगा मात्र म्हणाला, देऊन टाकू, निदान जागा तरी होईल.

जागेचा प्रश्न खरा होता, पण दुसऱ्याच कारणाने. आदल्या रमजानमध्ये दादीचे गुडघे खाली बसू देईनात. सगळं घर जमिनीवर दस्तरखानाभोवती, आणि ती भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्चीवर. खजूर, भजी, फळांची बशी, सगळं कुणीतरी उठून तिच्या हातात द्यायचं. दोन दिवस तिने ते सहन केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझं ताट आतच आणून देत जा." उरलेले रोजे तिने आतल्या खोलीत, कॉटवर बसून, एकटीनेच सोडले. म्हातारी माणसं असलेल्या बहुतेक घरांत हे कधी ना कधी घडतं, फक्त त्याची चर्चा होत नाही.

पलंगाचा बाक करायची कल्पना नातवाची. कॉलेजात शिकणारा मुलगा, मोबाइलवर कुठेतरी पाहिलेलं. डोक्याकडची उंच फळी म्हणजे बाकाची तयार पाठ, एवढं त्याला कळलं होतं. त्याने काचकागद आणला, पलंग गच्चीवर नेला आणि घासायला सुरुवात केली. अर्ध्या तासात त्याच्या भुवयाही हिरव्या झाल्या.

नेमके त्याच वेळी सुतारकाका माप घ्यायला आले, आणि त्यांनी आधी काम थांबवलं. कारण ऐकण्यासारखं आहे. जुन्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या रंगांत, शिसं असायचं. रंग भडक दिसावा आणि टिकावा म्हणून ते घालत. शिशाच्या क्रोमेटपासून पिवळा रंग मिळतो, त्यात निळा मिसळला की हिरवा. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर मर्यादा घालणारे नियम 2016 मध्ये निघाले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून 90 पीपीएमची मर्यादा लागू झाली. म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भाग. त्याआधीच्या रंगात किती शिसं आहे, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो, पोटातल्या बाळालाही त्याचा धोका असतो, आणि अमुक इतकं शिसं चालेल अशी सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटनाही सांगत नाही. या घरात नात बाळंतपणाला माहेरी आलेली होती. गच्चीवरचा हिरवा भुगा वाऱ्याने सरळ तिच्या खोलीच्या खिडकीकडे जात होता.

सुतारकाकांनी हे सगळं पीपीएममध्ये सांगितलं नाही. ते एवढंच म्हणाले, "बाळा, शिसवात शिसं असतं. जुना रंग कोरडा घासायचा नाही."

मग पद्धत बदलली. नातीला दोन दिवस मावशीकडे पाठवलं. पलंगाखाली प्लास्टिकचा कागद अंथरला. नातवाने तोंडाला साधा रुमाल नाही, चांगला मास्क बांधला आणि वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासायला घेतलं. ओला रंग उडत नाही, त्याचा चिखल होतो. तो फडक्याने टिपायचा, पिशवीत भरून बांधायचा. वर आलेले पोपडे लांबी भरायच्या पातीने हलक्या हाताने काढायचे. काम चौपट वेळ खातं. तापवून रंग सोडवायचा सोपा मार्ग काकांनी साफ नाकारला, कारण तापवलं की त्याची वाफ नाकात जाते. होळीचा विषयही तिथेच मिटला. रंगवलेलं लाकूड जाळलं की शिसं धुरात आणि राखेत उतरतं, मग ते होळीत जाळा नाहीतर आंघोळीच्या बंबात. पोरांना त्या वर्षी दुकानामागची कोरी, रंग न लावलेली खोकी मिळाली. त्यांनी थोडी कुरकुर केली.

दादीचं मन वळवणं मात्र रंग काढण्यापेक्षा अवघड गेलं. जाळायला निघालेल्या पलंगाबद्दल गप्प राहिलेली बाई कापायचं म्हटल्यावर बोलली. तिची तीन मुलं त्यावर जन्मली होती. काकांनी वाद घातला नाही. त्यांनी पायाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाला दिसणार नाही अशा जागी, चार बोटं रंग पूर्ण खरवडला आणि तिला बोलावलं. खालून काळसर तपकिरी, रेघांचं, तेलकट चमकेचं शिसव निघालं. लग्नानंतर पहिल्या दोन-तीन दिवाळ्यांपर्यंत पलंग असाच होता, म्हणे. हिरवा रंग सासऱ्यांनी नंतर दिलेला. (सासऱ्यांच्या आवडीबद्दल दादीने त्या दिवशी जे सांगितलं ते छापण्यासारखं नाही.)

मुंबईच्या मटण स्ट्रीटवर, ज्याला सगळे चोरबाजार म्हणतात, तिथे असा पलंग गेला असता तर पूर्ण रंग काढून, पॉलिश करून, जुनेपणाच्या किमतीला विकला गेला असता. सावंतवाडीत उलट, लाकडावरचा रंग हीच कारागिरी. तिथल्या गंजिफा आणि लाकडी खेळणी रंगामुळेच ओळखली जातात. घरातल्या वस्तूला हे दोन्ही नियम लागू नाहीत. तिथे वापर काय, तेवढंच पाहायचं. म्हणून या बाकाची पाठ पूर्ण खरवडून, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्या लाखेचं पॉलिश दिलं. पण त्या पॉलिशवर गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. जिथे चहा, सरबत, ओले हात लागणार त्या हातांना आणि पायांना मात्र ऑइल पेंट. रंग दादीने निवडला, मातकट तांबडा. हिरव्याचं नावही काढू दिलं नाही.

सुतारकामात काकांची खरी हुशारी दिसली. पलंगाला एकही खिळा नव्हता, सगळे सांधे खाचेत बसवलेले आणि लाकडी खुंट्यांनी आवळलेले. लांबीच्या पट्ट्या कापताना त्यांनी प्रत्येक तुकड्याच्या एका टोकाचा जुना सांधा जसाच्या तसा राखला आणि नवा सांधा फक्त दुसऱ्या टोकाला केला. पायाकडचे दोन खांब पुढे आले. खाली ओल लागून कुजलेले दोन इंच चारही पायांचे कापले, त्यामुळे उंची आपोआप दादीच्या गुडघ्यांना जमली. बैठकीला फळी नको म्हणाले, म्हातारीला टोचेल. धुऊन वाळवलेली जुनीच नवार पुन्हा विणली. उरलेल्या पट्ट्यांवर पायाकडची फळी आडवी बसवून बाकाच्या उंचीचं छोटं टेबल निघालं.

नातवाला उरलेल्या फळीची कुराण ठेवायची रेहाल करून हवी होती. तेवढी गोष्ट काकांनी नाकारली. रेहाल एकाच जाड फळीतून कोरतात, तिचं बिजागर त्या लाकडातच कापलेलं असतं, सहारनपूरचे कारागीर त्यात मुरलेले. या पातळ पट्टीत ते जमणार नाही. त्या पट्टीवर आता मसाल्याच्या बरण्या आहेत.

खरी चूक वेळेची झाली. ऑइल पेंटच्या प्रत्येक हाताला वाळायला एक दिवस द्यावा लागतो, आणि पुरता कडक व्हायला त्याहून कितीतरी जास्त. प्रायमर, मग लांबी, मग पुन्हा घासणं, असं करता करता रंगाचा पहिला हात शाबानच्या शेवटच्या दोन दिवसांवर आला. रोजा धरून टर्पेंटाइनच्या वासात उभं राहणं नातवाला नको होतं, रात्री तरावीहनंतर दिव्याखाली रंग नीट दिसत नव्हता. दुसरा हात राहिला तो राहिलाच.

पहिल्या इफ्तारला बाक दस्तरखानाच्या कडेला लावला. सून काळजीत, सगळे खाली आणि दादी वर, पुन्हा तेच होईल म्हणून. पण टेबल तिच्यासमोर होतं, हात बशीपर्यंत पोहोचत होता, आणि बाक दोघांचा होता. अजानच्या पाच मिनिटं आधी धाकटा पणतू चढून तिच्या शेजारी बसला. शेजारच्या काकू भज्यांची ताटली परत द्यायला आल्या, त्याही टेकल्या, मग पणतूला उतरावं लागलं आणि त्याने भोकाड पसरलं.

तासाभराने दादी उठली तेव्हा ओढणीचे चार धागे हाताच्या तांबड्या रंगाला चिकटून राहिले होते. तिने नखाने ते काढून पाहिले, निघाले नाहीत. त्या वर्षी गुढीपाडवा 30 मार्चला आणि ईद 31 ला आली. सुतारकाका पाडव्याच्या कामात अडकलेले. दुसरा हात ईदनंतर द्यायचा ठरलं, आणि तोवर हातांवर जुना टॉवेल टाकायचा.