शिबिर गेलं, आजीची गोळी संपली

वस्तीत आरोग्य शिबिर म्हटलं की चित्र बहुतेक सारखंच असतं. विहारात टेबल, मागे मोठ्या दुकानाचा बॅनर, बीपी बघायला रांग. आजीच्या हातात पंधरा दिवसांच्या गोळ्या पडतात, फोटो निघतो, गाडी जाते. सोळाव्या दिवशी काय? बारामतीच्या आमराईत असो की इंदापूरच्या ऊसपट्ट्यात, हा प्रश्न प्रत्येक घराचा आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. बॅनरवाल्याचा पैसा ही मेहेरबानी नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं की ज्या कंपनीचा वर्षाचा नफा ५ कोटी किंवा उलाढाल १००० कोटी आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करायचे. यालाच सीएसआर म्हणतात. डीमार्टचंच घ्या. २००२ साली पवईत पहिलं दुकान काढलेल्या या कंपनीला अलीकडे वर्षाला दोन हजार कोटींहून जास्त नफा होतो. दोन टक्के म्हणजे चाळीस कोटींच्या वर. त्यांचं काम मुख्यतः सरकारी आणि महापालिकेच्या शाळांमध्ये चालतं. आपलीच पोरं तिथं शिकतात, त्यामुळे तक्रार नाही.

पण कायद्याच्या यादीत आरोग्य, कुपोषण, स्वच्छता आणि पिण्याचं पाणीही आहे. धंदा जिथं, त्या भागाला प्राधान्य द्यावं असंही लिहिलंय. सक्ती मात्र करता येत नाही. पैसा कुठे लावायचा ते कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं. म्हणून मागणारे हवेत, आणि नेमकं मागणारे हवेत.

एका दिवसाचं शिबिर मागू नका. एकदाच होणारा कार्यक्रम किंवा जाहिरात सीएसआरमध्ये धरू नये, असं केंद्र सरकारने २०१४ च्या परिपत्रकात सांगितलं होतं. मागायचं तर वर्षानुवर्षं चालणारं काम मागा. पुण्याचं सांडपाणी भीमेतून उजनीत उतरतं. इंदापूर तालुक्यातल्या धरणाकाठच्या वस्त्यांनी दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाण्याची तपासणी मागावी. मुलींचं हिमोग्लोबिन एकदा बघून उपयोग नाही, लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर पुन्हा बघायला हवं. महिला मंडळाने वस्तीतली घरं, मुली, बीपी-शुगरचे रुग्ण मोजून आकडे कागदावर आणले, तर समोरच्याला टाळता येत नाही. कंपनी हे काम संस्थेमार्फत करणार असेल तर ती ट्रस्ट किंवा सोसायटी नोंदणीकृत लागते. कुणी मधला माणूस 'फंड मिळवून देतो' म्हणून पैसे मागू लागला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आणि आजीची गोळी? तिला कंपनीची वाट बघायची गरजच नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि औषधं मोफत आहेत. शिबिरात मिळालेला कागद जपून ठेवा. गोळ्या चार दिवसांच्या उरल्या की तोच कागद घेऊन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. बरं वाटतंय म्हणून गोळी मनाने बंद करू नका. आजी एकटी जात नसेल तर शेजारची सून सोबत जाऊ दे, आणि पुढची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.